पाटीवरचा उतारा

मास्तर, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि आज नातीला इंग्रजी उतारा वाचून दाखवताना माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला, "पेन्सिल खाली! आधी कान, मग हात!" पोर खुदकन हसली. रहिमतपूरच्या वर्गात आम्ही कुणी हसत नसू. लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून सगळं पाटीवर. तुम्ही उतारा दोनदा वाचायचात. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द तेवढे टिपायचे, हुकला तो सोडून पुढचा धरायचा. मग पाट्यांची अदलाबदल. ज्याचा शब्द राहिला, त्याच्या पाटी तपासणाऱ्यानं थोबाडीत मारायची, हा तुमचा कायदा. वर्गात मुलगी मी एकटीच. माझ्या हातची खाल्लेल्याला पोरं गावभर चिडवायची.

साताऱ्याच्या इंग्रजी परीक्षेला शाळेतून एकच नाव जाणार होतं. माझं गेलं तर शिक्षण पुढं, नाहीतर वडिलांनी स्थळ बघून ठेवलेलं. निवडीच्या शेवटच्या दिवशी माझ्या बरोबरीला एकच जण उरला होता, मळ्यातून अनवाणी चालत येणारा. त्याची पाटी माझ्याकडं आली.

"एक शब्द राहिलाय," मी म्हटलं.

"म्या लिवला हुता, मास्तर! आईच्यान लिवला हुता!"

तुम्ही पुस्तकातून मानही वर केली नाहीत. "वर खोटं बोलतोस? मार गं त्याला." मी मारली. "फुलं वाहतेस काय? घरी भाकरी थापतेस ना, तशी मार!" वर्ग खदखदा हसतोय. मी हात उगारते, तो डोळे मिटत नाही, माझ्याकडं बघतच राहतो. आवाज असा झाला की हसणारे गप्प झाले. पाटी तिथंच टाकून तो गेला, तो पुन्हा शाळेत आलाच नाही.

साताऱ्याला माझं नाव गेलं. तिथल्या साहेबांनी उतारा वाचायला घेतला आणि माझ्या कानात शिरलं ते नुसतं "लिवला हुता". कोरी पाटी घेऊन परत आले, आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पुढचं इंग्रजी चुलीपुढं बसून माझं मीच शिकले. मुलानातवंडांना सांगत आले, आमचे मास्तर लय दुष्ट. होतातच तुम्ही. पण त्या पाटीवर शब्द होता, मास्तर. मी तो अंगठ्यानं पुसला.

तो पोरगा आहे अजून, कुंडलला असतो म्हणे. पत्ताही मिळालाय. आज कागद घेतला होता तो त्याला लिहायला, आणि लिहीत बसले तुम्हाला.