झाकलेला वाटा

केरी, पेडणे
मंगळवार

प्रिय कोमल,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनवर तू नुसती 'हूं, हूं' करतेस आणि मी जेवलीस का, बस मिळाली का, असलंच काहीबाही विचारत बसते. म्हणून लिहायला घेतलं. चतुर्थीनंतर साखळीला गेलीस ती इकडे फिरकली नाहीस. दर रविवारी म्हणे शाळेचं काम निघतं! तुला धड खोटंही बोलता येत नाही, बाय.

काल मक्याचा पाव लावला. गौरेश जाऊन तीन वर्षं झाली, पण त्याचा पाव काही माझ्या चुलीवरून गेला नाही. बोटीवरच्या भटारखान्यात शिकून आला आणि प्रत्येक सुट्टीत पहिल्याच दिवशी मक्याचं जाडसर पीठ, ताक, अंडी, लोणी घेऊन चुलीपुढे बसायचा. आपल्याकडे ओव्हन कुठला! काकडीची तवसळी भाजतो तसाच जाड बुडाचा टोप, खाली निखारे आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. 'आये, झाकण काडू नको गो, फुगलेला बसतला,' असं मला बजावायचा, जशी काय मी जन्मात तवसळी केलीच नव्हती. मग मीही त्याची नजर चुकवून मूठभर गूळ टाकायचे. पाव गोड लागला की तो बिचारा मक्याचं कौतुक करायचा.

आणि तुझा पराक्रम आठवतो ना? लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत वासाला भुलून तू झाकण उचललंस आणि सगळी राख पावावर. तोंड एवढंसं झालं तुझं. ह्यांनी मुकाट्याने पहिला तुकडा खाल्ला. गौरेश राखेकडे बोट दाखवून म्हणाला, 'बोटीर ह्या मिरयांचे वेगळे पैशे घेतत.' तू हसता हसता रडायला लागलीस. मला विचारशील तर तू ह्या घरची त्या दिवशी झालीस, लग्नात नव्हे.

तो बोटीवर परत गेला की आपण दोघी पाव लावायचो. पहिला वाटा त्याचा, बशीत काढून वर वाडगा पालथा. माझ्या सासूने घालून दिलेली रीत ती: बाहेर गेलेल्याचा वाटा झाकून ठेवायचा, म्हणजे तो परत येतो. सकाळी तोच तुकडा आपण चहात बुडवून खायचो. बोटीवरच छातीत कळ येऊन तो गेला, तरी मी झाकत राहिले. तूही सकाळी निम्मा मला देऊन निम्मा खात राहिलीस. तू साखळीला खोली घेतल्यापासून मी एकटीच खाते.

परवा शेजारची सुलोचना आली होती. तिने तुला डिचोलीच्या बाजारात पाहिलं, तुमच्या शाळेतल्या निलेश मास्तरांबरोबर. दोघं मिळून भाजी घेत होतात म्हणे, आणि तू मोठ्याने हसत होतीस. मी कपाळाला हात लावीन अशी तिची फार इच्छा होती, म्हणून मी तिला चहा दिला. ती गेल्यावर मात्र खूप रडले, खोटं का सांगू? गौरेशसाठी रडले. मग तुला हसताना शेवटचं कधी पाहिलं ते आठवायला लागले, आणि ते काही केल्या आठवेना.

काल पाव कापला, बशी घेतली आणि हात तिथेच थांबला. झाकायचा तो परत येणाऱ्याचा वाटा. माझा गौरेश आता येणार नाही, कोमल. त्याचा तुकडा मी त्याच्या फोटोपुढे ठेवला, उघडाच. वाडगा पालथा घातला तो तुझ्या तुकड्यावर. हे बघत होते. उठले आणि फडताळातून आणखी एक बशी घेऊन आले. रविवारी पुन्हा पाव लावते आहे. भीत भीत येऊ नकोस, परवानगी मागायला तर मुळीच नको. माहेरी येतात तशी ये, आणि निलेशला घेऊन ये. टोपाचं झाकण त्यालाच उचलायला सांगू. राख पडली तर पडू दे.

तुझीच,
आई