दोन बगळ्यांच्या नाण्यावरील तीन ठिपके

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, व्यवसाय जुन्या नाण्यांचा अभ्यास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला. धाकट्या भावाला तो पटणार नाही, म्हणून त्याच्या दोन प्रती काढून ठेवल्या आहेत. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. आणून पाहावा.

कलम १. घराचा खालचा मजला भावाचा, वरचा माझा. वरचा मजलाही भावाला मिळेल, पण कलम ५ मधली अट पुरी केल्यावरच. तोवर किल्ली वकीलबाईंकडे राहील आणि या कागदाची अंमलबजावणी त्याच करतील. जिन्यातला दिवा गेली अकरा वर्षे मीच बदलत आले, याची त्यांनी नोंद घ्यावी.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा. उरेल त्यातून माझ्या पुस्तकाची दुरुस्त आवृत्ती काढावी. दुरुस्ती कोणती, ते शेवटी लिहिले आहे.

कलम ३. माझी दोनशे बारा नाणी गावातल्या वाचनालयाला द्यावीत. ती कुणीही घासूनपुसून चकचकीत करू नयेत. नाणेसंग्राहक मंडळाच्या अध्यक्षांना काहीही देऊ नये. माझ्या सत्कारात त्यांनी माझी ओळख "नाण्यांची हौस असलेल्या ताई" अशी करून दिली होती. त्याहून मोठा राग कशाचा, ते पुढे येईलच.

कलम ४. पुढचे समजावे म्हणून थोडा इतिहास. समुद्रापलीकडच्या राज्यकर्त्यांनी आमच्या मुलखासाठी वेगळे नाणे पाडले. इथल्या लोकांना खिसे नसतात, ते नाणी दोरीत ओवतात, असे कुण्या साहेबाने लिहून कळवले, म्हणून मधोमध भोक ठेवले. राजाच्या डोक्याला भोक पाडणे शोभेना, म्हणून एका बाजूला नुसता मुकुट घातला. धातू कमी लागला, किंमत मात्र तीच. दुसऱ्या बाजूला भोकाभोवती दोन बगळे. पोलादी ठशात हे बगळे कोरले माझ्या वडिलांनी, टाकसाळीच्या तळघरात बसून, सोळा वर्षे. नाण्यावर आद्याक्षरे मात्र तिकडच्या चित्रकाराची. त्याने धाडलेल्या चित्रात बगळ्यांना बदकाचे पाय होते. ते वडिलांनी सुधारले.

राज्य गेले त्या वर्षीचे ठसे तयार होते, पण नाणी पाडायची राहून गेली. अशा ठशांवर छिन्नीने फुली मारायचा नियम असतो, म्हणजे पुढे कुणी त्यातून नाणे पाडू शकत नाही. वडिलांनी एक जोडी फुली न मारताच घरी आणली आणि भावाला दिली. मला याचा पत्ता नव्हता. कोरीवकामही त्यालाच शिकवले. मलाही शिकवा म्हटल्यावर म्हणाले, "तुझे हात भाजी निवडायला बरे आहेत." मग मी भिंग विकत घेतले आणि त्यांचे काम बाहेरून शिकले.

कलम ५. त्या शेवटच्या वर्षाचे एखादे तरी नाणे पाडले गेले असेल, म्हणून मी वीस वर्षे शोधत होते. शेवटी ते भंगारवाल्याच्या पेटीत सापडले. डाव्या बगळ्याच्या पायाशी तीन बारीक ठिपके उठलेले होते. त्यांवर मी अकरा पाने लिहिली. आई लवकर गेली, घरात आम्ही तिघेच. तीन ठिपके म्हणजे वडिलांनी लपवलेली सही, असे मी सिद्ध केले. पुस्तकाला पारितोषिक मिळाले. समुद्रापलीकडच्या विद्वानांनीही मान डोलावली.

गेल्या वर्षी भाऊ पडला, कमरेचे हाड मोडले. विम्याचे कागद शोधायला मी त्याच्या बिल्ल्यांच्या कारखान्यात गेले. खणात तेलकट फडक्यात ठशांची जोडी होती आणि नाण्यावर डावीकडे उठतो त्या बगळ्याच्या पायाशी गंजाचे तीन खड्डे. ठशात खड्डा पडला की नाण्यावर ठिपका उठतो. रोजच्या वापरातला ठसा असा गंजत नाही, पडून राहिलेला गंजतो. नवशिक्या कारागिरालाही हे कळते. मला कळले नाही, कारण कळून घ्यायचे नव्हते.

दवाखान्यात विचारले, "हे तू पाडलंस?"

"वीस वर्षं भंगारात हात घालत होतीस, ताई. बघवत नव्हतं. एक पाडलं आणि भंगारवाल्याला म्हटलं, तिच्या हाती लागेल असं ठेव."

"एकच?"

"चार. बाकीची तीन तुझं पुस्तक आल्यावर विकली. भाव चढला होता."

"आणि ठिपक्यांचं?"

"सांगणार होतो. पण तू इतकी खूश होतीस, जीभच रेटेना."

त्या पैशांतून त्याने कारखान्यावर नवे छप्पर घातले. ते गळते, याचा मला आनंद आहे.

मी मंडळाच्या अध्यक्षांना सारे सांगितले. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढता, ताई? तुमच्या नावाचं दालन करतोय आपण." त्या दालनाला माझे नाव देऊ नये.

अट अशी: माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत भावाने वकीलबाईंच्या समोर दोन्ही ठशांवर स्वतःच्या हाताने फुली मारावी. हे कलम काल त्याला वाचून दाखवले. तो रडला. म्हणाला, "बाबांच्या हातचं एवढंच उरलंय गं." मला ते ठाऊक आहे. मीही दोनदा छिन्नी टेकवली आणि दोन्ही वेळा उचलून घेतली. बगळे फार सुंदर आहेत. मला जमले नाही ते त्याने करावे, कारण मला शिकवले नाही ते त्याला शिकवले आहे.

कलम ६. माझे भिंग शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावे. सुईत दोरा ओवायला त्या ते रोज मागून नेतात आणि रोज परत आणून देतात. आमच्या घरात असे कुणी नाही.

कलम ७. दुरुस्त आवृत्तीतून ती अकरा पाने गाळू नयेत. त्यांवर रेघ मारून, पण वाचता येतील अशी छापावीत आणि खाली लिहावे: "हे ठिपके गंजाचे आहेत. माझ्या वडिलांनी नाण्यावर खूण ठेवली नव्हती. माझ्यासाठी तर कुठेच ठेवली नव्हती. ती असावी असे मला फार वाटत होते." त्याखाली माझे पूर्ण नाव छापावे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही : मृत्युपत्र करणारी

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली :
१. डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरचे औषध दुकानदार (सही)

ठिकाण : राहते घर, वरचा मजला
दिनांक : ९ मार्च