खुशाल धुरकरी स्मृती चषक

८ जानेवारी २०२३

मी मेलो म्हणे! वरठी स्टेशनासमोर चहाच्या टपरीवर बॅनर पाहिला. बैल पळवायच्या शंकरपटाचा. मोठ्या अक्षरात — कै. खुशाल धुरकरी स्मृती चषक. फोटो माहाच, छकड्यावर जोडी हाकलताना. खाली दिवा छापला. टपरीवाला म्हणे, 'मोठा माणूस होता बाप्पा! बैल पळवावं तं त्यानंच. कोरोनात गेला बिचारा.' चहा पेलो अन् घरी आलो.

९ जानेवारी

डोक्यात तेच घुमून राहिलं. कोरोनात दवाखान्यात होतो, हे खरं. तिथून पोराकडे वरठीले आलो, गावाकडे गेलोच नाही. कायले जाऊ? एक जमाना होता — पट जिंकला का लोक खांद्यावर घेऊन नाचत. लेकरायले माहं नाव ठेवत! मंग पटावर बंदी आली अन् खुशालले कोणी विचारलं नाही. आता बंदी उठली तं चषक! जितेपणी एक फोन नाही.

११ जानेवारी

गावच्या इश्वरले मीच फोन लावला, पट त्यानंच भरवला. त्याचेच बैल मी वर्षानुवर्षं हाकलले. आवाज लगेच ओळखला. मंग म्हणे, 'खुशाल, आता काही बोलू नको गा. बॅनर लागले, पाहुणे येऊन राहिले. पट होऊ दे, मंग पाहू.'

पट होऊ दे! म्हणजे तवरक मेलेलाच राहा. मनात आस होती — एक डाव अजून जोडी हाकलायची. मेलेल्याच्या हाती कासरा कोण देईन?

१२ जानेवारी

रुखमाले सांगितलं. बायको रडली नाही, चिडली नाही. कपाळाच्या कुंकवाले हात लावला अन् भांडे घासत बसली. छकड्यावरून पडून माहा पाय मोडला, तवापासून ती पटाचं नावही घेत नाही.

१३ जानेवारी

जगून काय केलं मी?

१५ जानेवारी

गेलो पटावर. तोंडाले दुपट्टा बांधून मागं उभा राहिलो. रुखमाही आली — जन्मात पहिल्यांदा! मंचावर माहा फोटो, झेंडूचा हार, उदबत्ती. माईकवाला माह्या एकेक दौडी सांगून राहिला, लोक टाळ्या पिटून राहिले. मंग म्हणे, दोन मिनिटं मौन. सारे उभे. मीही टोपी काढून उभा — माह्यासाठीच! वाटलं, खरंच सरलो आपण. बाजूले पाहिलं तं रुखमा नाही.

१६ जानेवारी

काल पुढचं लिहिणं झालं नाही.

रुखमा मंचावर चढली होती. भर मौनात ओरडली, 'माहा नवरा जिता आहे! माह्या हातचा भात खाऊन आला आहे!' फोटोचा हार ओढला अन् इश्वरच्या बैलायपुढे फेकला. बैलायनं खाऊन टाकला.

मंग इश्वरले म्हणाली, 'कासरा दे त्याच्या हाती.'

रुखमा म्हणाली हे!

इश्वरनं देला.