प्रभाग चारच्या मतपत्रिका जाळण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचण्याबाबत

दिनांक : ६ जानेवारी १९९७

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी तथा शहर सचिव,
लेस्ली बे शहर,
शहर कार्यालय, पोर्ट लेस्ली, नोव्हा स्कोशिया.

अर्जदार : लॉकलन मॅकफी, वय ७१, निवृत्त खाणकामगार, राहणार कोलियरी रस्ता, टार्बट हेड.

विषय : १९ ऑक्टोबर १९९६ च्या निवडणुकीतील प्रभाग ४ च्या सर्व मतपत्रिका, बाद ठरवलेल्या धरून, टार्बट हेडच्या बंबखान्यात लोकांसमोर वाचल्या जाव्यात.

संदर्भ : १) एफी मॅकफी हिच्या नावे आलेली पाट्या काढण्याची नोटीस, दि. २३ ऑक्टोबर १९९६.
२) माझा अर्ज, दि. १८ नोव्हेंबर १९९६.
३) आपले उत्तर, दि. ९ डिसेंबर १९९६.

महोदय,

१. आपल्या उत्तरात लिहिले आहे की मतपत्रिका नव्वद दिवस ठेवतात आणि नंतर जाळतात. ते नव्वद दिवस १७ जानेवारीला, शुक्रवारी भरतात. म्हणून हा दुसरा अर्ज घाईने करत आहे. पहिला अर्ज रागात लिहिला होता. त्यात काही मागण्या चुकीच्या होत्या, त्यांचाही खुलासा यात केला आहे.

२. माझी पत्नी एफी टार्बट हेडच्या जुन्या नगरपालिकेवर सलग तीन वेळा निवडून आली होती. सरकारने टार्बट हेड, पोर्ट लेस्ली आणि मधली दोन खेडी एकत्र करून एक शहर केले, तेव्हा आमची नगरपालिका संपली. नव्या शहराच्या पहिल्याच निवडणुकीत एफी प्रभाग ४ मधून उभी राहिली. तिचे मागणे एकच होते, की टार्बट हेडचा बंबखाना बंद करू नये. आमची घरे खाण कंपनीने बांधलेली, लाकडी, एकाला एक लागून आहेत. एकाला आग लागली की रांग जाते. बंब पोर्ट लेस्लीहून यायचा तर पुलावरून यायचा, आणि फेब्रुवारीत पूल किती दिवस उघडा असतो हे आपल्या कार्यालयाला माहीत आहे.

३. २६ सप्टेंबर रोजी शेजारच्या फ्लोरा टॉबिन यांच्या कुंपणावर प्रचाराची पाटी ठोकताना एफी खाली बसली आणि तिला उठता येईना. मेंदूत रक्तस्राव झाला होता. २८ तारखेला रुग्णालयात ती वारली. आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली होती. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यावर तीन नावे होती : हेक्टर बूटलिअर, नॉर्मन ग्रांट आणि युफेमिया मॅकफी, म्हणजे एफी.

४. नॉर्मन ग्रांट हे पुलापलीकडचे. त्यांनी बंबखाना बंद करणार असे उघड सांगितले होते, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार हेक्टरविषयी आहे. हेक्टर आणि मी एकोणीस वर्षे खाणीत एकाच पाळीला होतो. १९६३ साली छत पडले तेव्हा मला बाहेर ओढणारा तोच. एफीला पुरल्यानंतर संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराने आला. आमच्याकडे पुढचे दार पाद्री आणि शवपेटी यांच्यासाठीच उघडतात, बाकी घरची आणि घरच्यासारखी माणसे मागून येतात. तो तिच्या खुर्चीवर बसला नाही, सरपणाच्या पेटीवर बसला. चहा घेतला, ओटची दोन बिस्किटे खाल्ली आणि म्हणाला, "लॉकी, मी उभा राहिलो तेव्हा तिला पाडायला नव्हतो राहिलो. ग्रांटची मतं फोडायला राहिलो होतो. आता तिचं काम मी करतो. बंबखान्याला हात लावू देणार नाही. तू फक्त चार लोकांना सांग." स्वयंपाकघरात चहा पिऊन दिलेला शब्द आम्ही कागदावर घेत नाही. मीही घेतला नाही.

५. मी चार नाही, चौदा घरी फोन केले. मी फार बोलणारा माणूस नाही. एफी वर्षात जितके फोन करायची तितके मी त्या आठवड्यात केले. सगळ्यांना एकच सांगितले, की एफीला दिलेले मत वाया जाईल, हेक्टरला द्या. बहुतेकांनी ऐकले. दुःखात असलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार. फक्त फ्लोरा टॉबिन म्हणाली. तिचे वय त्र्याऐंशी आहे. ती म्हणाली, "लॉकी, तू जेवलायस का? नाही ना? मग आधी जेव आणि मग मला अक्कल शिकव. माझ्या कुंपणापाशी पडली ती. मी तिलाच देणार. मेली म्हणून काय झालं? हेक्टर जिवंत असून कधी कुणाच्या कामी आलाय?" मी तिला सांगितले की तो माझ्या कामी आला होता. ती म्हणाली, "एकदा. तेहतीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून त्याचंच खातोय तो." मी फोन ठेवून दिला. तिची क्षमा अजून मागितलेली नाही.

६. १९ ऑक्टोबरला मी मतदानाला गेलो. दारावर आपल्या सहीचा कागद लावला होता, की युफेमिया मॅकफी यांचे निधन झाल्याने त्यांना दिलेले मत बाद समजले जाईल. आत टेबलावर पोर्ट लेस्लीच्या एक बाई होत्या. त्यांनी माझे नाव यादीत पाहिले, मग छापलेले नाव पाहिले, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्टर मॅकफी, वाईट वाटतं सांगायला, पण तिथं फुली केलीत तर मत फुकट जाईल हं. मनाला लावून घेऊ नका." त्या चांगल्या वागल्या. पडद्यामागे मी बराच वेळ उभा राहिलो. मागच्याने खोकून दाखवले. तिचे नाव सर्वात खाली होते. मी सर्वात वरच्या नावापुढे फुली केली. ते मत हेक्टर बूटलिअर याला दिले. हे मी पहिल्या अर्जात "काही कारणाने दुसऱ्या उमेदवारास" असे लिहिले होते. ते लपवण्यासाठी तसे लिहिले होते.

७. निकालाचा कागद दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत लागला. बूटलिअर ६१४, ग्रांट ६०५, बाद ३९७. टार्बट हेडमध्ये आजवर बाद मते आठ-दहाच्या वर गेलेली नाहीत. आमच्या लोकांना फुली करता येते. ३९७ जण चुकले असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. त्यांनी तो कागद वाचला, टेबलावरच्या बाईंचे ऐकले, आणि तरीही आत जाऊन तिच्या नावापुढे फुली केली. त्यांतल्या बहुतेकांना मी फोन केला नव्हता. चौदा घरांपैकी पाच घरांनी नंतर मला सांगितले की त्यांनी माझेही ऐकले नव्हते. मला बरे वाटावे म्हणून ते तसे म्हणाले का, हे मी ठरवू शकत नाही. पण हेक्टर नऊ मतांनी निवडून आला, आणि चौदातल्या उरलेल्या घरांत नऊपेक्षा जास्त माणसे राहतात.

८. या ठिकाणी जुनी पद्धत सांगणे भाग आहे, कारण आपण पुलापलीकडचे आहात. टार्बट हेडमध्ये मतमोजणी बंबखान्यात होत असे. बंब बाहेर काढून उभा करायचा, आत बाके लावायची. बायका एका कोपऱ्यात माशाचे सूप वाढायच्या. पेटी सगळ्यांसमोर उघडायची आणि आर्ची मॉरिसन एकेक मतपत्रिका वर धरून नाव मोठ्याने वाचायचा. आर्ची हा खाणीत वजनकाट्यावरचा आमचा माणूस होता. कंपनी कोळसा तोलायची तेव्हा तिच्या कारकुनाशेजारी कामगारांनी निवडलेला एक जण उभा असायचा, नाहीतर डबा भरलेला असून हलका निघायचा. मतांचेही आम्ही तसेच धरत होतो. कागदावर युफेमिया मॅकफी असले तरी आर्ची "लॉकीची एफी" असेच वाचायचा. त्याला कधी कोणी हरकत घेतली नाही. एफी मोजणीला येत नसे, तिला लाज वाटायची. मी मागच्या भिंतीला टेकून ऐकायचो आणि घरी जाऊन सांगायचो. या वेळी मते यंत्रात घातली. यंत्राने तिचे नाव एकदाही घेतले नाही.

९. १२ नोव्हेंबरला नव्या सभागृहाची पहिली बैठक झाली. मी बसने गेलो होतो. बंबखाना ३१ जानेवारीपासून बंद करण्याचा ठराव आला. हेक्टरने हात वर केला, ठरावाच्या बाजूने. आधी मला वाटले त्याला काही विचारायचे आहे. नंतर जिन्यात मी त्याला गाठले. तो म्हणाला, "लॉकी, आत बसल्यावर वेगळं दिसतं रे. आकडे बघितले मी. त्यांनी पुढच्या वर्षी फिरता बंब देतो म्हणून सांगितलंय." मी विचारले, कोणी सांगितले. तो म्हणाला, "त्यांनी." दोन दिवसांनी तो घरी आला आणि त्याने पुढचे दार वाजवले. मी आतून पाहिले. एकोणीस वर्षे ज्याच्या डब्यातले मी खाल्ले तो टोपी हातात घेऊन पुढच्या दाराशी उभा होता. ते दार हिवाळ्यात चिकटते आणि दोन माणसांशिवाय उघडत नाही. मी उघडायला गेलो नाही.

१०. आता आपल्या कार्यालयाविषयी. २३ ऑक्टोबरला एफीच्या नावाने नोटीस आली की उमेदवार या नात्याने तिने आपल्या पाट्या सात दिवसांत काढाव्यात, अन्यथा कारवाई होईल. चारच दिवस आधी याच कार्यालयाने ती उमेदवार नाही असे दारावर लावले होते. मते मोजायच्या दिवशी नाही आणि पाट्या काढायच्या दिवशी आहे, हे मला समजले नाही. तरी मी एकतीस पाट्या काढल्या. बत्तिसावी फ्लोरा टॉबिन यांच्या कुंपणावर आहे. त्या काढू देत नाहीत. त्यांचे म्हणणे, "कुंपण माझं, पाटी माझी. येऊ देत पुलापलीकडचे, चहा पाजते त्यांना." ती पाटी अर्धवट ठोकलेली आहे, वाऱ्याने वाजते. तिच्याबाबत काय कारवाई करायची ती माझ्यावर करावी, त्यांच्यावर नको.

११. १८ नोव्हेंबरच्या अर्जात मी मागितले होते की माझे मत हेक्टरच्या गठ्ठ्यातून काढून एफीच्या नावे करावे. ओळख पटावी म्हणून हेही कळवले होते, की पेन्सिलीचे टोक मोडल्याने माझ्या फुलीचा एक पाय अर्धाच आहे. आपण उत्तर दिले की मत एकदा पेटीत पडल्यावर ते कोणाचेच नसते, आणि मतदाराची ओळख पटेल अशी खूण मतपत्रिकेवर असेल तर ते मतच बाद ठरते. हे वाचून मला एक दिवस आनंद झाला होता. तसे असेल तर माझे मत बादच करा, असे मी लिहायला बसलो होतो. ते बाद झाले असते तर निदान त्या ३९७ च्या गठ्ठ्यात, तिच्याजवळ गेले असते. तो कागद मी पाठवला नाही. बाद गठ्ठ्यात गेलेल्यांनी तिथे जायचे ठरवले होते. मी ठरवले नव्हते. तेव्हा ती मागणी मी मागे घेत आहे.

१२. निकाल बदलावा असे माझे म्हणणे नाही. एफी निवडून आली असे जाहीर करावे असेही नाही. मेलेली बाई सभागृहात बसू शकत नाही हे मला कळते. माझी विनंती एवढीच आहे :

१६ जानेवारीपर्यंत कोणत्याही संध्याकाळी प्रभाग ४ च्या मतपत्रिका टार्बट हेडच्या बंबखान्यात आणाव्यात आणि प्रत्येकीवरचे नाव मोठ्याने वाचावे. बंबखाना महिनाअखेरपर्यंत उघडा आहे आणि किल्ली आमच्या बंबवाल्यांकडे आहे. शेगडी चालते. बाके मी लावीन. आर्ची मॉरिसन हयात नाही, त्यामुळे वाचणारा आपल्या कार्यालयातला असला तरी चालेल. आवाज मात्र मोठा हवा, कारण आमच्यातल्या निम्म्यांचे कान खाणीत गेले आहेत. "बाद" असे वाचू नये. ज्या नावापुढे फुली आहे ते नाव वाचावे. युफेमिया मॅकफी असे वाचले तरी हरकत नाही. संरक्षणासाठी पोलीस ठेवायचा असल्यास ठेवावा, त्यालाही सूप मिळेल.

१३. हेक्टर बूटलिअर याला यायचे असल्यास माझी हरकत नाही. त्याला कळवण्याचे काम आपल्या कार्यालयाने करावे.

१४. माझी मतपत्रिका शोधू नये आणि वेगळी काढू नये. हेक्टरचे नाव ६१४ वेळा वाचले जाईल. त्यातले माझे कोणते, हे ऐकणाऱ्या कोणालाच कळणार नाही, मलाही नाही. म्हणून ती ६१४ च्या ६१४ नावे मी शेवटपर्यंत उभा राहून ऐकेन.

उत्तर टपालाने पाठवल्यास वेळ निघून जाईल. टपाल कचेरीत फोन करून निरोप ठेवला तरी मला मिळतो. एवढे करावे, ही विनंती.

आपला,

(सही)
लॉकलन मॅकफी
टार्बट हेड

सोबत :
१) आपल्या ९ डिसेंबरच्या उत्तराची प्रत.
२) पाट्या काढण्याची नोटीस, पाकिटासह.
३) युफेमिया मॅकफी हिचा मृत्यूचा दाखला. ही मूळ प्रत आहे, काम झाल्यावर परत मिळावी.