लोणच्याच्या बरणीचं झाकण

जर्मनी, १२ नोव्हेंबर

आईस लांबूनच पाया पडून जय भीम.

मी बरी हाय. थंडी लई हाय, पण तुझी गोधडी पुरते. आपल्या राहू गावातली गुऱ्हाळं सुरू झाली का? तुझा गुडघा कसा हाय?

मी दिवसभर काय करते, असं विचारलं होतंस. काचेच्या डबीत एक द्रव असतो. किरण आत शिरला की तो उजळतो. गॅमा किरणाचा उजेड पाचटासारखा भडकून विझतो, न्यूट्रॉनचा गवरीसारखा धुमसत राहतो. विझायला किती वेळ लागला, त्यावरून मी दोन्ही ओळखते.

विनोद, आईला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढचं मनात वाच. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

माझं तीन महिन्यांचं काम वाया गेलं. द्रवाला हवा लागू द्यायची न्हाई, हे मला पाठ होतं. तरी डबी भरल्यावर झाकण ढिलंच ठेवलं, आई नव्या लोणच्याच्या बरणीचं ठेवते तसं. हात आपसूक थांबला. हवेनं ते धुमसणंच मारून टाकलं. आता दोन्ही उजेड सारखेच विझतात.

इथल्या सरांनी विचारलं, असं कुणी शिकवलं? मी डबी धुवायला घेतली. मला ठेवायचं का परत पाठवायचं, ते शुक्रवारी ठरंल.

परत आलेच, तर आईला मशीन बिघडलं म्हणून सांग. बरणीचं कधी बोलू नको. न्हाईतर ती जन्मभर झाकणं आवळत बसंल.

तुझी ताई,
करुणा