नऊ सायकली आणि एक जोडी बूट

ताई,
तुझ्या दिवट्या भावाचा नमस्कार. गोळ्या वेळेवर घेतो, झोपही लागते. तू घोर लावून घेऊ नकोस.

बायपोलरचा झटका आला तेव्हा मी लॉन्ड्रीतल्या नऊ जणांना नऊ सायकली घेऊन दिल्या. तो लाळघोट्या दुकानदार मला 'साहेब, साहेब' करत होता. आणि दुसऱ्यांच्या चादरी धुणारा मी महामूर्ख, फुगलो!

म्हणून तर कार्ड तुझ्याकडे दिलं. काही घ्यायचं तर आधी तुला पत्र लिहायचं, हा नियमही माझाच. उत्तर येईपर्यंत हौस ओसरते. दुर्बीण ओसरली, ड्रमसुद्धा ओसरला.

पण बूट ओसरत नाहीत गं. इथे फरशीवर दिवसभर साबणाचं पाणी असतं आणि डाव्या बुटाचा सोल निघालाय. हे तिसरं पत्र. तुझं आपलं एकच, 'आणखी आठवडाभर थांबून बघ.' भाऊजी बरे आहेत ना? त्यांनाही बुटांसाठी असंच थांबवतेस का?

डोकं फिरलं होतं तेव्हा मला तासाभरात नऊ सायकली मिळाल्या. ठिकाणावर आल्यापासून दीड महिना एक जोडी बूट मागतोय.

तुझा,
ओल्या मोज्यांतला धाकटा