हिरासिंगची तारीख, अक्षरी

२० जून ६६, सोमवार. यवतमाळ
कॉलेज सुरू. मुंबईच्या महिनाभराच्या कॉम्प्युटर-वर्गाची धुंदी अजून उतरली नाही. स्टाफरूममध्ये फॉरट्रान म्हणजे काय ते सांगत सुटले. माणसाने यंत्राला लिहिलेली चिठ्ठी, एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी तासभर बोलले. बॉटनीचे सर झोपले.

मशीन इथून चारशे मैलांवर. पण वर्गातली मैत्रीण वसुधा तिथेच नोकरीला. मी प्रोग्रॅम कागदावर लिहून टपालाने पाठवायचा, तिने भोकं पाडून त्याची कार्डं पंच करायची, एखाद्या शनिवारी मशीन रिकामं मिळालं की चालवायचं, उत्तर टपालाने. दिवाळीत तिचं लग्न. मग हा रस्ता बंद.

२३ जून, गुरु.
सुचलं! शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लागते ना, तेच. मशीनला तीन आकडे द्यायचे: दिवस, महिना, साल. त्याने अक्षरी तारीख छापायची, पुढे वार. मराठीत. मशीनला लिपी फक्त इंग्रजी येते, तर रोमन अक्षरांत मराठी. चालेल.

इंग्रजीत विसापर्यंत आणि मग दहादहांची नावं दिली की पुढची जोडून होतात. आपल्याकडे नव्याण्णवपर्यंत प्रत्येकाचं नाव वेगळं. सगळी यादी हाताने लिहिली. आई भाजी निवडता निवडता मोठ्याने म्हणत होती, मी लिहीत होते.

११ जुलै, सोम.
लिफाफा गेला. टाकायला हिरासिंगकडे दिला. (आमचा शिपाई, हिरासिंग राठोड, दिग्रसकडच्या बंजारा तांड्यातला.) आत काय म्हणाला. सांगितलं. दारात उभाच राहिला. मग म्हणाला, "बाई, माही तारीख सांगन का तुमचं मशीन?"

हकीकत अशी. दिवाळीला तो कायम होणार. सेवापुस्तकात तारीख पडणार, ती जन्मभराची. ऑफिसातल्या हेडक्लार्कने, म्हणजे बडेबाबूंनी, १ जुलै १९३२ ठरवली आहे, ज्याची माहीत नाही त्याची ते १ जुलैच धरतात. थोरल्या भावाची नोंद गावच्या कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या बुकात १९३३ची. म्हणजे धाकटा थोरल्याहून मोठा! निवृत्ती लवकर येणार, नोकरीची काही वर्षं फुकट जाणार. बडेबाबू म्हणतात, दिवाळीआधी काहीतरी छापील आणा.

छापील. मला हसूच आलं. आपण छापूनच आणू म्हटलं.

५ ऑगस्ट, शुक्र.
उत्तर आलं. एकच ओळ: चूक. एक कंस बंद करायचा राहिला. एका कंसापायी पंचवीस दिवस! कपाळ बडवून घेतलं, दुरुस्त केलं, संध्याकाळच्या टपालात टाकलं.

१४ ऑगस्ट, रवि.
एस्टीने तांड्यावर. हिरासिंगची आई, सगळे याडी, म्हणजे आईच, म्हणतात, मीही म्हणू लागले. तिला दोन गोष्टी पक्क्या आठवतात. होळी पेटली तेव्हा हा झाला, आणि त्या दिवशी रविवारचा बाजार होता, बापाने गूळ आणला. होळीच्या धामधुमीत नोंद करायला कोणी गेलंच नाही. थोरला तेहेतीसचा, धाकटी बहीण अडतीसची, दोघांची नोंद आहे. म्हणजे मधली चार सालं: ३४ ते ३७.

परत येताना एस्टीत नाचावंसं वाटत होतं. होळी आणि वार, आणखी काय हवं?

१६ ऑगस्ट, मंगळ.
जुन्या पंचांगांतून चारही होळ्या काढल्या. वार बोटांवर मोजले, त्याला मशीन कशाला. बुध, मंगळ, शनि, शुक्र. रविवार एकही नाही. पुन्हा मोजले. तेच. याडी चुकली असेल? हिरासिंगला कसं सांगू.

३० ऑगस्ट, मंगळ.
अक्षरं आली!! मशीनने मराठी लिहिलं. माझी तारीख टाकली होती, वार अचूक, पण सदतीसच्या जागी अडतीस. यादी पाहिली. अठ्ठावीसनंतर थेट तीस, एकोणतीस गाळलं. आई म्हणाली, मशीनने एक वर्ष कमी केलं, राहू दे, स्थळं बघायला बरं.

हिरासिंगला शेवटी सांगितलं, रविवार सापडत नाही. तो मुळीच गडबडला नाही. होळी कधीची धरली म्हणाला. म्हटलं, संध्याकाळची, पौर्णिमेची.
"आमच्या तांड्यात होळी पहाटेले पेटते, बाई. तुमची झाल्यावर, दुसऱ्या दिवशी."

मी मेली शहाणी! चारही वार एकेक पुढे सरकले. शनीचा रवि झाला. ८ मार्च १९३६. चारांत एकच. व्हरांड्यातून धावत सुटले, मुलं बघत होती.

१ सप्टें., गुरु.
यादीत एकोणतीस घातलं. चारही पहाटा लिहून लिफाफा रवाना.

२२ सप्टें., गुरु.
आठ मार्च एकोणीसशे छत्तीस, रविवार. बरोब्बर! बाकी तिन्हींत रविवार नाही. हिरासिंगला वाचून दाखवलं. त्याने कागद मागून घेतला, हात पुसून मग धरला. माझेच डोळे भरून आले.

बडेबाबूंनी कागद उजेडाला धरला. "मशीन तुम्ही सांगाल तेच बोलणार." निम्मं खरं आहे, वार सोडून. पण छापील होतं, नाही कसं म्हणणार? अर्ज घेतला, प्राचार्यांकडे पाठवला. मी निघताना त्यांनी हळूच स्वतःची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली, पुढच्या वेळी घाला म्हणे.

१७ ऑक्टो., सोम.
प्राचार्य 'पाहू' म्हणाले. तिसऱ्यांदा.

हिरासिंग कागदाची नक्कल तांड्यावर घेऊन गेला होता. याडीने तीन वेळा वाचायला लावलं. मग तिने निरोप दिला, तो त्याने जसाच्या तसा सांगितला: "माही बी काढून दे म्हणा बाईले."

तिचं काय ठाऊक आहे विचारलं. मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन तांडा वाटेवर होता, तेव्हा झाली. कुठल्या वाटेवर ते माहीत नाही. सणवार नव्हता. बस.

३१ ऑक्टो., सोम.
प्राचार्यांची सही अजून नाही. दिवाळीला बारा दिवस.

वसुधाचा शेवटचा शनिवार येत्या पाच तारखेचा. तिची चिठ्ठी, राहिलेलं सगळं लगेच पाठव. बडेबाबूंची तारीख लिहिली. खाली याडीचं नाव: सोनीबाई. पुढे तीन घरं, दिवस, महिना, साल. रिकामी सोडली तर मशीन तिथे शून्य वाचतं, पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

दोनदा पेन टेकवलं. तिला शून्य लिहून द्यायचं नाही. नाव खोडायचंही नाही.

लिफाफा अजून उघडाच आहे. उद्याचं पहिलं टपाल सकाळी दहाला निघतं.